कानसेनने टाकलेली पट्टी

आमच्या कारखान्यात रुळांच्या जोडपट्ट्या तयार व्हायच्या. कागदोपत्री तिचं नाव फिशप्लेट. तिचा माशाशी काय संबंध, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत निवृत्त झालो. आम्ही तिला नुसती पट्टी म्हणायचो. दीड हात लांब, चार भोकं आणि मध्यावर थोडं पोट सुटलेलं. दोन रूळ वितळवून सांधले की सांध्यावर लोखंडाची गाठ राहते. ती गाठ पोटात घ्यायची आणि एक पट्टी आतून, एक बाहेरून अशी रुळांना कवेत धरायची, एवढंच तिचं आयुष्य. गाडीतला माणूस खिडकीतून डोंगर बघतो, नदी बघतो, शेजाऱ्याचा डबा बघतो. पट्टी कुणी बघत नाही. कुणी खाली वाकून पट्टी बघायला लागलं, तर समजावं की गाडी थांबली आहे आणि काहीतरी बरं घडलेलं नाही.

मी रवानगीच्या टेबलावर होतो. पास झालेल्या पट्ट्यांना चिठ्ठ्या बांधायच्या आणि गाडीत चढवायच्या, हे माझं काम. पट्टी पास झाली की नाही हे ठरवायचं काम कानसेनचं.

तानसेन व्हायला गळा लागतो, पण कानसेन कुणालाही होता येतं, असं लोक म्हणतात. आमच्या कानसेनला बघितलं असतं तर म्हटलं नसतं. पोलादाचा तुकडा भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापायचा, साच्यात दाबून त्याला पोट काढायचं, भोकं पाडायची आणि मग तेलाच्या हौदात डुबकी द्यायची. ही डुबकी नाजूक. तापमान थोडं जास्त झालं, तेल थोडं गार असलं, की पट्टी आतून तडकते आणि वरून मात्र तुकतुकीत दिसते. माणसांचंही असंच असतं, असं इथे म्हणायचा मोह होतो. पण मी लोखंडाबद्दल बोलतोय. तर अशी पट्टी कानसेन दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवायचा आणि छोट्या हातोडीने एक टोला द्यायचा. चांगली पट्टी ‘टण्ण’ म्हणून लांबपर्यंत गात राहायची. तडकलेली ‘ठप्’ म्हणायची आणि गप्प बसायची. ‘ठप्’वाल्या पट्टीवर पिवळ्या रंगाचा फराटा मारून तो ती मागच्या दाराने ढिगावर टाकायचा. ढीग परत वितळायला जायचा. भेगा शोधणारी यंत्रं तेव्हा निघाली होती म्हणतात, पण आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

आणि एक नियम होता: कानसेनने टाकलेली पट्टी पुन्हा वाजवायची नाही. हा नियम थोरल्या मालकांनी घातलेला. त्यांच्या काळात एका घाईच्या दिवशी मुकादमाने ढिगातली एक पट्टी उचलली, “चालतंय की” म्हणून गाडीत टाकली, आणि ती गाडीतून घसरून थोरल्या मालकांच्या पायावर पडून दुभंगली. थोरल्या मालकांची दोन नखं गेली. त्या दोन नखांवर उभा राहिलेला नियम पुढे वीस वर्षं टिकला. कानसेनच्या बाकामागे भिंतीवर त्याची पाटीच होती.

कानसेनच्या हातून पास झालेली एकही पट्टी कधी परत आली नाही. माणूस अबोल. बैठकीत सगळे भांडायचे, हा शांत बसायचा आणि शेवटी मान हलवायचा. आम्ही म्हणायचो, काय खोल माणूस आहे!

मग ढीग वाढायला लागला.

सुरुवातीला साहेब खूश झाले. पाहुणे आले की त्यांना मागच्या दाराने नेऊन ढीग दाखवायचे. “आमचा दर्जा किती कडक झालाय बघा,” असं म्हणून ढिगासमोर उभं राहून फोटोही काढून घेतला. पण ढीग कुणाच्या कौतुकाने थांबत नाही. दोन वर्षांत तो वाढत वाढत चहाच्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि आम्ही चहाला अंग आडवं करून जायला लागलो. माल वेळेवर पोचेना. रेल्वेची पत्रं यायला लागली. आता कारण शोधणं आलं, आणि कारखान्यात कारण शोधणं म्हणजे माणूस शोधणं. ढीग वाढतोय म्हणजे पट्टी वाईट, पट्टी वाईट म्हणजे भट्टी वाईट, भट्टी वाईट म्हणजे भट्टीवाला वाईट. या साखळीत कान कुठेच नव्हता. असणार कसा? त्याच्यावर पाटी होती.

भट्टीवाला हा कानसेनचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. धगीने भुवया कधीच्या गेलेल्या, त्यामुळे चेहरा कायम आश्चर्यचकित. तोंड मात्र अखंड चालू. लोखंडाच्या रंगावरून तापमान सांगायचा आणि ते चुकायचं नाही. त्याने काय काय केलं नाही? भट्टीचं दार नव्याने लिंपलं. हौदातलं तेल बदलून घेतलं. आच वाढवली, मग कमी केली, मग होती तशी ठेवली. स्वतःच्या डोळ्यांवर शंका आली म्हणून डोळे तपासून आला. ढीग काही थांबेना. शेवटी साहेबांनी हुकूम काढला: येत्या एक तारखेपासून भट्टीवर बाहेरचा माणूस, आणि भट्टीवाल्याची बदली फाटकावर. नोंदवही आणि शिट्टी.

“शिट्टी!” भट्टीवाला माझ्या टेबलावर येऊन बसला. “बावीस वर्षं भट्टीसमोर भाजून निघालो आणि आता शिट्टी फुंकू? तिथे मी तापवू काय? साहेबाची गाडी?”

“उन्हात उभी राहून ती आपोआप तापते,” मी म्हणालो.

तो हसला नाही. त्यावरून मला प्रकरणाची खोली कळली.

“पगार तोच आहे हो,” तो म्हणाला. “कुणी उपाशी मरत नाही. पण मला दुसरं येतं काय? भट्टीचं दार उघडलं की मला कळतं आत काय चाललंय. बाकी जगात काय चाललंय ते मला कधीच कळलं नाही.”

त्यानंतर दोनच दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, मला मागच्या दाराकडून आवाज आला. टण्ण. मी कान टवकारले. पुन्हा टण्ण. बाहेर जाऊन बघतो तर भट्टीवाला ढिगापाशी उकिडवा बसलेला. दोन विटांवर पिवळ्या फराट्याची पट्टी ठेवलेली आणि हातात पाना.

“अहो, नियम!” मी म्हणालो.

“फाटकावर धाडलेल्या माणसाला आणखी कुठे धाडतील? ऐका.”

त्याने टोला दिला. पट्टी अशी गायली की चहाच्या खोलीतल्या कपांनी साथ धरली. त्याने ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. तीही गायली. तिसरी, चौथी, पाचवी. वीस पट्ट्या वाजवल्या. एकोणीस गायल्या, एकच ठप्प झाली. भट्टीवाल्याचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू उतरला. दोन गोष्टी त्याला एकामागून एक कळल्या होत्या. पहिली म्हणजे त्याची भट्टी उत्तम होती. दुसरी त्याने तोंडाने उच्चारली नाही, आपल्या कानाला बोट लावून दाखवली.

मला एकदम सगळं आठवलं. कानसेन या बाकावर येण्याआधी वीस वर्षं मोठ्या घणाशेजारी उभा असायचा. तिथे कान टिकला तर तो कान नव्हे, हँडल.

“जा आणि साहेबांना सांगा,” मी म्हणालो. “आत्ताच्या आत्ता.”

“काय सांगू? माझे दाजी बहिरे झालेत?”

“झालेत ना!”

“मला इथे चिकटवलं कुणी? दाजींनी. ताईच्या लग्नात मी एवढासा होतो, बूट लपवले होते त्यांचे. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार. हार घालतील, भाषणं करतील, कानसेन कानसेन म्हणतील. मी जाऊन सांगू, यांना दोन वर्षं ऐकूच येत नाहीये? आणि संध्याकाळी ताईकडे चहाला जाऊ?” त्याने पट्ट्या परत ढिगावर रचल्या. “तुम्हीही बोलायचं नाही. शपथ आहे.”

मी बोललो नाही. गप्प राहण्यात माझा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं.

पण पाय गप्प बसेनात. पुढच्याच संध्याकाळी मी कानसेनच्या घरी गेलो. आमच्याच रांगेत, चार दारं सोडून. कानसेन खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. मी आलोय हे त्याला वर्तमानपत्रावर माझी सावली पडल्यावर कळलं. वहिनींनी मला स्वयंपाकघरातच बोलावलं.

“बसा भाऊजी. चहा टाकते. त्यांच्यासाठी नाही टाकत.”

“का हो?”

“माझ्या भावाला फाटकावर बसवतायत आणि हे एक शब्द बोलत नाहीत साहेबांशी! यांचा शब्द कुणी मोडला असता? म्हणून मी अबोला धरलाय. आज पाचवा दिवस.”

“मग? काय म्हणतात?”

वहिनींनी गाळणं कपावर धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

“काही म्हणत नाहीत,” त्या म्हणाल्या. “भाऊजी, पाच दिवस झाले. त्यांना पत्ताच नाहीये.”

मी कपात बघायला लागलो. तिथे काही नव्हतं, चहा अजून गाळण्यातच होता.

“माझं ऐकत नाहीत असं मला वाटायचं खरं,” वहिनी सावकाश म्हणाल्या. “पण ते तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून वाटतंय. त्यामुळे नक्की कधीपासून ते…” त्या बाहेरच्या खोलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं?”

“शपथ आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे त्यालाही माहीत आहे.” त्यांनी चहा ओतला, यावेळी दोन कपांत. “दोघंही एकमेकांना सांभाळतायत. सांभाळता सांभाळता एकाला बुडवणार. पुरुषांचं सगळं असंच.”

त्या रात्री नवरा-बायकोत काय झालं, किंवा झालं का, ते मला ठाऊक नाही. भिंती जाड होत्या.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. भट्टीवाल्याने शेवटचा घाणा काढला आणि नेहमी हमाल आणतात ती ढकलगाडी स्वतः ढकलत कानसेनच्या खोलीत आणली. खोली मागच्या बाजूला, दाराला जाड गोणपाट, म्हणजे घणांचा आवाज आत येऊ नये. मी चिठ्ठ्या घेऊन कोपऱ्यात उभा होतो.

कानसेनने पहिली पट्टी ठोकळ्यांवर ठेवली. टोला दिला. टण्ण! पट्टी गात असतानाच त्याने पिवळा फराटा मारला. दुसरी. टण्ण. फराटा. तिसरी ठेवली आणि हातोडी उचलली, तेव्हा भट्टीवाल्याने पुढे होऊन आपला पंजा पट्टीवर दाबून ठेवला.

कानसेन थांबला.

“वाजवा दाजी,” भट्टीवाला त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाला.

ठप्.

भट्टीवाल्याने पंजा उचलला. “आता वाजवा.”

टण्ण.

पुन्हा पंजा दाबला. “वाजवा.”

ठप्.

मी दोघांकडे बघत होतो. बाराखडी न येणाऱ्यालाही कळला असता एवढा त्या दोन आवाजांत फरक होता. पण कानसेनचा चेहरा दोन्ही वेळा तोच. तो पट्टीकडे बघत नव्हता, मेहुण्याच्या पंजाकडे बघत होता. पंजा वर, पंजा खाली. दाबून धरलेली पट्टी वाजत नाही, हे त्याला जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. काहीतरी बदलायला हवं होतं आणि बदललं नव्हतं. त्याने हातोडी खाली ठेवली.

“किती दिवस माहीत आहे तुम्हाला?” त्याने विचारलं. मेहुण्याला तो लग्नापासून थट्टेने अहो-जाहो करायचा. आज त्यात थट्टा नव्हती.

“पंधरा.”

“आणि बोलला नाहीत?”

“तुम्हाला किती दिवस माहीत आहे?”

कानसेन बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते.

“बोलणं कळतं मला, माणूस समोर असला तर,” तो म्हणाला. “टणत्कार गेला. आधी लांबायचा तो लांबेना. मग धूसर झाला. मी म्हटलं, चांगली पट्टी टाकली तर होतं काय? परत वितळते. वाईट सोडली तर? वरून गाडी जाते. म्हणून ठरवलं, शंका आली की बाजूला. मग शंकाच शंका यायला लागली.”

“बरोबर आहे की,” मी पुढे येऊन म्हणालो. खरंच बरोबर वाटलं मला. रुळावरच्या एकाही माणसाशी कानसेन बेइमान झाला नव्हता.

“कुठे बरोबर आहे?” कानसेन माझ्यावर खेकसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “गाडीतली हजार माणसं धरली मी. भट्टीवरचा एक धरला नाही. मेहुणे, मला वाटत होतं की भट्टीच बिघडली असेल.” तो थांबला. “वाटत नव्हतं. वाटून घेत होतो.”

भट्टीवाल्याने ठोकळ्यांवरची पट्टी उचलून ढकलगाडीत परत ठेवली.

कानसेन उठला, भिंतीवरची पाटी उतरवली, ती काखेत मारून गोणपाट बाजूला सारून बाहेर पडला आणि साहेबांच्या खोलीत गेला. दोन मिनिटांत साहेब, मुकादम आणि निम्मा कारखाना मागच्या दारी ढिगापाशी जमला.

“पण नियम आहे ना,” साहेब म्हणत होते. “टाकलेली पट्टी पुन्हा…”

“नियम माझ्या कानावर उभा होता, साहेब. कान गेला. आता तो कशावर उभा राहणार?”

ठोकळे मांडले. भट्टीवाल्याने वाजवायचं नाही, असं कानसेननेच सांगितलं. ज्याची पट्टी त्याची हातोडी नको. म्हणून हातोडी माझ्याकडे आली. मी आयुष्यात इतक्या लोकांसमोर काही वाजवलं नव्हतं. टोला देत गेलो. पट्ट्या गात गेल्या. आणि कानसेन पट्ट्यांकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभा राहिला. चेहरे खुलले की म्हणायचा, “चांगली.” एकही चुकली नाही. दहा-बारा झाल्या असतील, तेव्हा एक ठप्प झाली. गर्दीचे चेहरे पडले.

“ही वाईट,” कानसेन म्हणाला.

“ही माझी,” भट्टीवाला पुढे होऊन, पट्टीवरचा तारखेचा शिक्का बघून म्हणाला. “या दिवशी तेल गार होतं. मला तेव्हाच शंका आली होती.” आणि पट्टी उचलून त्याने स्वतः बाजूला नेऊन ठेवली. त्या ढिगात अशा आणखी निघाल्या, पण मूठभरच. प्रत्येक वेळी तो पुढे आला.

साहेब विचारात पडले होते. “म्हणजे मधल्या काळात आपला दर्जा वाढला नव्हता?”

“नाही साहेब,” कानसेन म्हणाला. “होता तेवढाच होता.”

साहेबांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी फोटो काढून घेतला होता ना.

भट्टीवाल्याचा हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त कागदावर उतरलेली कुठलीही जागा रिकामी ठेवणं त्यांना जमत नसे. ते कानसेनला म्हणाले, “मग राहिलेले चार महिने फाटकावर बसता का?”

“मला शिट्टी ऐकू येणार नाही.”

“शिट्टी तुम्ही फुंकायची आहे. ऐकायची दुसऱ्यांनी.”

कानसेनने थोडा विचार केला. “नको,” तो म्हणाला. “आज जातो. एक सांगतो ते मात्र करा. बाकावर एकटा माणूस बसवू नका. दोघं बसवा, आणि दोघांत जरा भांडण असू द्या.”

त्याने हातोडी माझ्या हातात राहू दिली. हार नव्हता, भाषण नव्हतं. एवढ्या घाईत हार आणणार कुठून? भोंगा झाला तसा तो निघाला. फाटकातून बाहेर पडला तेव्हा भट्टीवाला मागून धावत येऊन त्याच्या डाव्या बाजूने चालायला लागला आणि काहीतरी सांगायला लागला. मी दहा पावलं मागे होतो.

कानसेनने त्याला दंडाला धरून थांबवलं आणि पलीकडे वळवलं.

“या अंगाने चाला, मेहुणे. इकडे अजून थोडं शिल्लक आहे.”

भट्टीवाला उजवीकडे आला. मग त्याने सुरुवात केली. दोन वर्षांचं साठलेलं होतं: लिंपलेलं दार, बदललेलं तेल, तपासलेले डोळे, मुकादमाचे टोमणे, शिट्टी. अधूनमधून अशा शिव्या, की मेहुण्याने दाजींना देऊ नयेत. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. कानसेन मान त्याच्याकडे कलती करून, एकही शब्द सांडू नये अशा बेताने पावलं टाकत होता. आमच्या रांगेचं वळण आलं तरी ते संपलं नव्हतं. दारात वहिनी उभ्या होत्या.

“पुढे?” कानसेन म्हणाला, आणि वळणावर न वळता सरळ चालत राहिला.